फिशिंग कयाक किनाऱ्यावरून पाण्यात कशी घालावी: कोकणातल्या जागा, वेळ आणि कामांचा क्रम

दर हंगामात तीच तऱ्हा दिसते. पहाटे सहाला किनाऱ्यावर पोचायचं, पाणी निवांत दिसलं की कयाक ओढत न्यायची, बसायचं आणि निघायचं. साडेदहाला परत येताना तोच किनारा ओळखू येत नाही. वारा फिरलेला असतो, लाट वाढलेली असते, पाणी दीड-दोनशे मीटर मागे हटलेलं असतं आणि सकाळी जिथे वाळू वाटली तिथे खडप उघडं पडलेलं असतं. मासे धरताना सहसा कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते वाळू आणि लाट फुटते त्याच्या पलीकडचं पाणी, या मधल्या पन्नासेक मीटरांत, आणि तेही जास्त करून परतताना.

म्हणून इथे सगळं नियोजन परतीपासून मागे मोजत केलं आहे. लेख दहा ते बारा फुटी सिट-ऑन-टॉप कयाकसाठी आहे, म्हणजे जिच्या आत नाही तर वर उघड्यावर बसतात ती, वल्ह्याची असो वा पायाने चालवायच्या पेडलची. जागा अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या, आणि सरावासाठी गोव्यातली एक.

१. जागा ओहोटीला जाऊन बघा

पहिल्या फेरीला कयाक नेऊच नका. नुसते जा, आणि पूर्ण ओहोटीच्या वेळी जा. भरतीला सगळे किनारे सारखेच दिसतात. त्यांचा खरा नकाशा ओहोटीला उघडा पडतो. बघायच्या गोष्टी चारच.

उतार: पाणी दूरवर मागे गेलं असेल तर किनारा सपाट. इथे लाट लांबून फुटत येते, तिच्यात जोर कमी असतो, पण ओहोटीला कयाक फार लांब ओढावी लागते. वाळू उतरती असेल आणि लाट थेट काठावर येऊन आपटत असेल तर तिथे कयाक घालूच नका, मग लाट गुडघाभरच का असेना. पन्नास किलोची भरलेली कयाक तशा लाटेत उलटली तर खांद्याचा किंवा मानेचा प्रश्न येतो.

खडप: खडकांच्या जागा फोनवर फोटो काढून ठेवा. फोटोत मागचं काहीतरी ठळक यायला हवं, देऊळ, माडांची रांग किंवा टॉवर, म्हणजे भरतीत खडक बुडाल्यावरही जागा कळेल. कालवं (धारदार कडांचे शिंपले) बसलेल्या खडकाला प्लॅस्टिकचा तळ घासला तर चर पडतो, आणि अनवाणी पाय पडला तर काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको.

पाण्याची ओढ: लाटांच्या रांगेत एखादा पट्टा असा असतो जिथे लाट फुटतच नाही, पाणी गढूळ आणि चुळबुळतं दिसतं. नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, कारण तो सोपा वाटतो. तिथून पाणी समुद्राकडे परत जात असतं. बाहेर जायला तो उपयोगी पडतो, अनुभवी लोक मुद्दाम वापरतातही, पण परत येताना त्याच्याविरुद्ध वल्हवत बसाल तर जागच्या जागी राहाल.

माणसं: होड्या कुठे लागतात, जाळ्यांचे बोये कुठे तरंगतात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढतात, पॅरासेलिंगच्या बोटी कुठून सुटतात. या सगळ्यांपासून लांबची पन्नास मीटर रुंद मोकळी पट्टी तुम्हाला हवी.

आता प्रत्यक्ष जागा. अलिबाग, वरसोली, आक्षी, नागाव हा सगळा पट्टा सपाट. अलिबागला ओहोटीत लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, यावरून पाणी किती मागे जातं ते समजून घ्या. भरतीच्या आगेमागे दोन-तीन तास सोडून इथे कयाक आणण्यात अर्थ नाही. किहीमला ओहोटीत खडक वर येतात, तेव्हा आधीचा फोटो इथे खरा कामाला येतो. काशीद दिसायला सुंदर, पण काठावरची लाट वाईट आणि बुडण्याच्या घटनांमुळे बदनाम. मी तिथे कयाक सुचवणार नाही. हरिहरेश्वरचा खडकाळ भाग आणि गणपतीपुळ्याचा देवळासमोरचा किनारा यांनाही तोच नियम. दापोलीकडे मुरुड-कर्दे सपाट आणि घट्ट वाळूचं, कयाक ओढायची चाकांची ट्रॉली छान चालते. हर्णै मात्र बंदर आहे. लिलावाच्या वेळी होड्यांच्या गर्दीत कयाक घेऊन मध्ये येणाऱ्याला तिथे जे ऐकावं लागतं ते रास्तच असतं. गुहागरचा किनारा लांब आणि सरळ, त्यामुळे आडोसा कुठेच नाही. लाट शांत असेल त्याच दिवशी जा. रत्नागिरीत भाट्याला काजळी नदीच्या मुखापासून लांब, किनाऱ्याच्या मधल्या भागातून उतरा.

मालवणात सुरुवात चिवल्यापासून करावी. दरवर्षी डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा जिथे घेतात ते हेच पाणी, आणि त्याला कारण आहे: लाट तारकर्लीपेक्षा बेताची. तारकर्ली उघडी आहे. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदीच्या बाजूने उतरणं फार सोपं, आणि म्हणूनच लोक फसतात, त्याबद्दल पुढे. वेंगुर्ल्याच्या बाजूला निवतीचा खडकांच्या आडोशाचा छोटा किनारा चांगला, फक्त होड्यांना वाट सोडा. आणि अगदीच नवखे असाल तर दक्षिण गोव्यात पाळोळ्याला जा. अर्धचंद्राकार आखात आहे, भाड्याने कयाक मिळते, चार वेळा उलटून पडण्याचा सराव तिथे करून या.

> सावध: मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी गाभा क्षेत्रात येतं. तिथे गळ टाकू नका, नांगरही टाकू नका.

२. नदीचं आणि खाडीचं मुख वेगळं धरा

खाडीत लाट नसते म्हणून बरेच जण खाडीतून उतरून मुखातून समुद्रात जातात. जाताना काही वाटत नाही. ओहोटी लागली की सगळ्या खाडीचं पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि दोघांची गाठ मुखाजवळच्या उथळ वाळूवर पडते. लाटा तिथे उभ्या राहतात, कुठल्याही दिशेने फुटतात. शिवाय प्रवाह इतका असतो की कयाकचा ताशी चार-पाच किलोमीटरचा वेग त्यापुढे टिकत नाही.

देवबाग, रेवदंडा, भाट्ये, सगळीकडे एकच नियम: खाडीतून उतरलात तर खाडीतच मासे धरा. जिताडा आणि तांबोशीसाठी बाहेर जायची गरजही नसते. मुख ओलांडायचंच असेल तर भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या अर्ध्या तासात, आणि परतही त्याच्या पुढच्या थांबलेल्या पाण्यात. म्हणजे मध्ये सहा तास बाहेर. जमणार नसेल तर विषय सोडून द्या.

३. वेळ परतीकडून मागे मोजा

तीन गोष्टी जुळवायच्या: भरती, वारा, लाट. क्रम हाच.

*भरती.* किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा, पाऊणपटीचा हिशोब सांगेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला भरती मुंबईपेक्षा आधी येते, त्यामुळे अंतिम वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. पण दिनदर्शिकेकडे बघून कुठला रविवार सोयीचा हे ठरवायला पाऊणपट पुरते.

सपाट किनाऱ्यासाठी सोयीच्या तिथी एकादशी ते त्रयोदशी. द्वादशीला नऊची भरती धरा: सव्वासहाला चढत्या पाण्यात उतरायचं, साडेनऊच्या सुमाराला काठोकाठ भरलेल्या पाण्यात परत यायचं. ओढायचं अंतर सर्वांत कमी. अष्टमीला सहाला भरती असते. दहाला परत याल तेव्हा पाणी तीन चतुर्थांश उतरलेलं असेल. दिलासा एवढाच, की अष्टमीला भांगाची भरती असल्याने एकूण चढउतारच कमी असतो. पौर्णिमेला उलट: पहाटे ओहोटी, जाताना लांबवर ओढा, येताना पाणी जवळ. मात्र उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाणी चार मीटर आणि त्याहूनही जास्त वर-खाली होतं, मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. हे सगळं पाणी सहा तासांत एकसारखं सरकत नाही. पहिल्या तासात बाराव्या भागाइतकं, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी हलतं. खाडीजवळ त्या दोन तासांत नसावं.

*वारा.* थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो लाटेला मागे रेटतो, म्हणून काठावरून पाणी चोपडं दिसतं. बाहेर जाताना तो पाठीवर असतो आणि वाटतं, आज हात चांगले चालतात. अर्ध्या तासाने मागे वळून बघितलं की किनारा अपेक्षेपेक्षा बराच लांब गेलेला असतो. पुढे दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. फेब्रुवारीनंतर तो जोरदार असतो, मे महिन्यात तर लवकरच उठतो.

यातून दोन नियम निघतात. पहिला, परतीची वेळ साडेनऊ-दहा, मासा लागत असो वा नसो. दुसरा, उतरल्यावर किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाऊन मासे धरा. वायव्येचा वारा आला तरी तो तुम्हाला सुटलात त्या जागेकडेच आणेल. दक्षिणेकडे गेलेल्याला दुपारचा प्रत्येक मीटर वाऱ्याविरुद्ध कापावा लागतो.

*लाट.* हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राचा अंदाज रोज बघा. त्यात लाटेची उंची सगळे वाचतात, दोन लाटांमधले सेकंद कुणी वाचत नाही. एक मीटर आणि सात सेकंद ही स्थानिक वाऱ्याची लाट, कटकटीची पण झेपणारी. तीच एक मीटर आणि पंधरा सेकंद असेल तर ती दूरच्या समुद्रातून आलेली लाट. खोल पाण्यात ती जाणवतही नाही आणि उथळात आल्यावर अंगावर उभी राहते. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असतानाही अशी लाट येते. नवशिक्यासाठी माझी मर्यादा: अर्धा मीटर उंची, दहा सेकंदांच्या आतली. दोहोंपैकी एक जरी ओलांडलं तर खाडीत जा.

> तपासा: परतीच्या तासाला पाणी कुठे असेल, वारा कुठून असेल आणि तेव्हा काठावर लाट कशी फुटेल, या तिन्हींची उत्तरं आदल्या रात्री कागदावर लिहिता आली पाहिजेत.

पावसाळ्याचा मुद्दा एकदाच सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते, कयाकला इंजिन नाही, म्हणून आपल्याला मोकळं रान, असा अर्थ काढणारे भेटतात. ज्या समुद्रात इंजिनाच्या होड्या वर ओढून ठेवतात तिथे आपण काय करणार? नारळी पौर्णिमेनंतरही लगेच नको. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ खरा.

४. आधी कुणाला सांगायचं

नव्या जागी पहिल्यांदा जाताना तिथलं सागरी पोलीस ठाणं आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचं बंदर कार्यालय गाठा. काय चालतं, कुठे नाही ते तोंडी विचारून घ्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोटीकडे संशयाने बघतात, आणि पहाटे अंधारात टॉर्च लावून कयाक ओढणारा माणूस कुणाच्याही नजरेत भरतो. ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. मुंबई बंदर, जेएनपीए (न्हावा-शेवा), जयगड, दाभोळ या बंदरांच्या जहाजमार्गात, नौदलाच्या हद्दीजवळ आणि तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रासमोर जायचंच नाही.

मग तिथल्या मच्छीमारांशी बोला. "दादा, आज पाण्याला ओढ कशी आहे?" एवढं विचारलं तरी पुरे. समोरचा "आज नको" म्हणाला तर कारण विचारत बसू नका, गाडी वळवा.

रापणीबद्दल थोडं जास्त, कारण सर्वांत जास्त वादावादी तिथेच होते. होडी अर्धगोलात जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्हीकडून ओढत आणतात. त्या अर्धगोलात कयाक शिरली की मासळी बिथरते, कित्येक जणांची सकाळ वाया जाते. दोर वाळूवर दिसले की त्या दोन दोरांच्या मधून उतरू नका, बाहेरून वळसा घाला किंवा ओढून होईपर्यंत थांबा. थांबलात तर दोराला हात लावा. पुढच्या वेळी तेच लोक कुठे खडप आहे ते आपण होऊन सांगतात.

शेवटी घरचा किंवा किनाऱ्यावरचा एक माणूस. त्याला तीन गोष्टी लिहून द्या: कुठून उतरतोय, कुठल्या दिशेला जातोय, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा क्रमांक १५५४, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. दोन्ही त्याच्याही फोनमध्ये आणि तुमच्याही.

५. घरून निघण्याआधी

कयाकच्या मागच्या टोकाशी पाणी काढायचं बूच असतं. ते घरीच लावा, किनाऱ्यावर नाही. बुचाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण बसला तरी बूच घट्ट वाटतं आणि आत पाणी झिरपत राहतं. कडं बोटाने पुसा, बघा, मग फिरवा. बूच पातळ दोरीने कयाकलाच बांधून ठेवा, म्हणजे ते गाडीच्या टपावर राहून गेलं हा प्रकार होणार नाही.

बसण्याच्या जागेतली आरपार भोकं ही वेगळी. ती पाणी निचरा होण्यासाठी असतात. खालून पाणी येतं म्हणून त्यांना बुचं लावणारे पुष्कळ आहेत. शांत पाण्यात चालेल, पण लाटांतून जाताना आणि येताना ती काढलेलीच हवीत. नाहीतर एक लाट वरून आली की मांडीभर पाणी साचतं, कयाक डोलते आणि दुसरी लाट उलटवते.

बाकी सामान:

- जीवरक्षक जॅकेट, तुमच्या वजनाचं, छातीवर घट्ट. सीटमागे ठेवलेलं जॅकेट हे न आणलेल्या जॅकेटइतकंच उपयोगाचं.
- शिट्टी जॅकेटला बांधलेली, छोटा सुरा हाताशी.
- वल्ह्याला दोरी, दुसरं टोक कयाकला. अंगाला कुठलीच दोरी बांधायची नाही.
- फोन जलरोधक पाकिटात, जॅकेटच्या खिशात. कयाकच्या डब्यात ठेवलेला फोन कयाकबरोबर वाहून जातो.
- कालवांपासून वाचवणारे जाड तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा उठावदार रंगाचा शर्ट, दोन लिटर पाणी.

आणि एक सराव, ज्याला पर्याय नाही: छातीभर शांत पाण्यात मुद्दाम उलटा, कयाक सुलटी करा, बाजूने पोट टेकवून वर चढा, कूस बदलून बसा. जॅकेट घालून, कुणाच्या मदतीशिवाय, दमलेले असतानाही हे जमेपर्यंत समुद्र नाही.

६. वाळूवरचा क्रम

गाडी पुळणीवर नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर त्याला मनाई आहे, आणि मऊ वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत बाहेर काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. रस्त्यावर उतरवा, रुंद हवेच्या चाकांची ट्रॉली लावा, ओल्या घट्ट वाळूवरून चाला. भोकांत दांडे घालून बसवायची ट्रॉली असेल तर सामान न भरता ओढा. भरलेल्या कयाकचं वजन त्या भोकांच्या कडांवर आलं की तिथे तडे जातात. वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी थंडीत कासवं अंडी घालायला येतात. वरच्या कोरड्या वाळूतून जायचं असेल तर नेहमीच्या पायवाटेनेच.

पाण्यापासून दहा-पंधरा मीटर अलीकडे थांबा आणि सामान लावा. इथे एकच तत्त्व: लाटांतून जाताना वर काहीही उभं नको. रॉड आडवे, शक्यतो आतल्या कप्प्यात, नाहीतर दोन ठिकाणी बांधलेले. रॉडवर लावलेले नकली मासे काढून डबीत. तीन तोंडांचा गळ लावलेला रॉड पायाशी ठेवून उलटलात तर तो गळ मांडीत शिरतो, आणि मग एका हाताने कयाक धरून दुसऱ्या हाताने काय करायचं ते सुचत नाही. सामानाचं क्रेट बांधलेलं, सुकाणू वर, पेडलचे तळाखालचे पंख वर. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) तात्पुरता काढून ठेवता आला तर उत्तम.

> तपासा: कयाक एका कुशीवर पूर्ण आडवी करा. काहीही खाली पडलं, लोंबलं किंवा सरकलं तर बांधणी पुन्हा.

७. पंधरा मिनिटं नुसतं बघा

सगळ्यांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच. लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-सहा मोठ्या, मग थोडा वेळ लहान, पुन्हा मोठ्या. दोन मिनिटं बघून निघालेला माणूस शांत मध्यंतर बघून निघतो आणि मोठ्या लाटांच्या मधोमध सापडतो. घड्याळ लावा. मोठ्यांची रांग किती वेळाने येते, शेवटची मोठी कुठे फुटते, मध्ये किती वेळ मोकळा मिळतो, हे समजेपर्यंत कयाकला हात लावू नका.

फुटणारी लाट तुमच्या गुडघ्यापर्यंत असेल तर निघा. मांडीपर्यंत असेल तर अनुभवी सोबती असल्याशिवाय नको. कमरेपर्यंत असेल तर घरी जा किंवा खाडीत.

८. पाण्यात जाताना

1. कयाकचं तोंड लाटेला काटकोनात ठेवा. स्वतः सीटच्या बाजूला उभे राहा, कधीही कयाक आणि किनारा यांच्या मध्ये नाही.
2. पाय घासत घासत पुढे जा, उचलून टाकू नका. वाळूत पाकट दबून बसलेलं असतं. घासत गेलात तर ते निघून जातं, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतं.
3. पाणी गुडघ्याच्या थोडं खाली येईपर्यंत चालत न्या. घोटाभर पाण्यात बसण्याची घाई ही नेहमीची चूक: तळ वाळूला टेकतो, लाट येऊन तोंड फिरवते आणि कयाक आडवी होते.
4. शेवटची मोठी लाट गेली की आधी बूड टेकवा, मग पाय आत. लगेच वल्हं पाण्यात.
5. अंग पुढे झुकवून सलग वल्हवा. समोरून फुटलेली लाट येत असेल तर वेग वाढवा, थांबू नका. लाट नाकावर आली की वल्हं तिच्या पाठीमागच्या पाण्यात खुपसा आणि ओढा.
6. लाटा फुटतात ती रेषा ओलांडली तरी थांबू नका, तेवढंच अंतर आणखी जा. मोठी रांग आली की ती रेषा बाहेर सरकते.

मध्येच तोंड फिरलं तर सावरायच्या भरीला पडू नका. उतरा, किनाऱ्यावर या, पाणी काढा, पुन्हा सुरुवात. दोनदा असं झालं तर त्या दिवशी तिसऱ्यांदा नको.

९. बाहेर गेल्यावर पहिली पाच मिनिटं

भोकांची बुचं लावायची तर आता लावा, सुकाणू सोडा, रॉड उभे करा. मग किनाऱ्याकडे तोंड करून दोन खुणा एका रेषेत धरा, उदाहरणार्थ पुढचा एकटा माड आणि मागची टाकी. त्या दोन्ही एकावर एक दिसतात तोपर्यंत तुम्ही तुमच्या मोकळ्या पट्टीच्या समोर आहात. समुद्रातून सगळी सुरूची बनं सारखीच दिसतात, म्हणून ही खूण उतरल्या उतरल्या धरायची.

दर अर्ध्या तासाला मागे बघा. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की गळ आवरायचा, मग सुरमईचा थवा का समोर असेना.

१०. परत येताना

लाटा फुटतात त्याच्या बरंच बाहेर थांबा आणि सगळं पुन्हा जाताना होतं तसं करा: गळ काढलेले, रॉड आडवे आणि बांधलेले, मासळीची पिशवी बंद, सुकाणू आणि पेडल वर, भोकांची बुचं काढलेली, पाय कुठल्याही पट्ट्यात अडकलेले नाहीत. शेंगाळा धरला असेल तर तो पायाशी मोकळा ठेवू नका. उलटताना त्याचा काटा लागला तर हात कामातून जातो.

आता मान वळवून समुद्राकडे बघा. परतीत लोक किनाऱ्याकडे बघत येतात आणि मागची लाट पाठीवर घेतात. मोठी रांग तुमच्या खालून जाऊ द्या, शेवटच्या लाटेच्या पाठीमागून निघा. लाटेवर स्वार व्हायचं नाही, तिच्या मागे मागे राहायचं. मागची लाट गाठतेय असं दिसलं तर उलटं वल्हवून वेग कमी करा, तिला पुढे जाऊ द्या, पुन्हा तिच्या मागे लागा. घाई केली की कयाकचं नाक खाली घुसतं आणि मागचं टोक वळून कयाक आडवी होते.

आडवी झालीच तर लाटेकडे झुका. मन किनाऱ्याकडे झुकायला सांगतं आणि त्यानेच माणूस उलटतो. वल्हं समुद्राच्या बाजूने सपाट, लाटेच्या फेसावर टेकवा आणि कयाक आडवीच किनाऱ्याकडे सरकत जाऊ द्या.

उलटलात तर आधी समुद्राच्या बाजूला या. पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर गोल फिरत येते. तिच्यापुढे उभे असाल तर ती गुडघ्यावर येईल. भोकांत बोटं घालू नका, मुठीच्या पट्ट्यात मनगट गुंडाळू नका, कयाक फिरली की हात पिळवटतो. धरवत नसेल तर सोडून द्या. लाट तिला किनाऱ्यावर आणून टाकते, तुम्ही सावकाश पाय टेकत या.

सगळं नीट झालं तर गुडघाभर पाण्यात समुद्राच्या बाजूने उतरा, बाजूच्या मुठीला धरा आणि पुढची लाट ढकलेल तेव्हा तिच्याबरोबर वर न्या. लाट मागे जात असताना ओढत बसू नका. पाणी पोहोचत नाही तिथपर्यंत नेल्याशिवाय मासे बघायला थांबू नका; भरती चढत असेल तर आणखी दहा मीटर वर.

११. किनाऱ्यावर आल्यावर

आधी फोन, "परत आलो". हा राहून गेला तर दुपारी कुणीतरी उगाच १५५४ फिरवतं.

मग बूच उघडून मागचं टोक खाली करा. वाटीभर पाणी येणं ठीक. लिटर-दीड लिटर आलं तर रबरी कडं तपासा. बालदीभर आलं तर तडा आहे: रॉडच्या खोबणीच्या स्क्रूभोवती, भोकांच्या कडांना आणि तळाच्या मागच्या टोकाला, जिथे ओढताना घासतं तिथे बघा. घरी पाणी भरून बाहेरून गळती शोधा आणि दुरुस्त होईपर्यंत ती कयाक खाडीतही नेऊ नका. रीळ, सुकाणूची तार आणि पेडल गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवा, आणि बूच सुकल्यावर परत जागेवर फिरवून ठेवा.